पाण्यातला कॅमेरा आणि दोर धरणारा माणूस

मे महिन्यात उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर आपल्या सुरतेच्या गोडादरा-डिंडोलीची कितीतरी मुलं मामाच्या गावाला निघालेली दिसतील. त्यांच्या आईवडिलांची पिढी पोहायला तिकडेच शिकली. शेतातली विहीर, कमरेला सुका भोपळा नाहीतर झाकण पक्कं बसवलेला पत्र्याचा डबा, आणि वर काठावर दोर धरून उभा असलेला काका. सुरतेत वाढणारी आमची मुलं मात्र पोहायला शिकतात ती महापालिकेच्या तरणकुंडात, शाळेच्या पुलात नाहीतर सुट्टीतल्या वॉटर पार्कमध्ये. गावाकडची आजी ते बघायला येऊ शकत नाही. फोनवर ती विचारते, "पोर पव्हाले शिकनी का?" आणि आपण नुसतं "हो" म्हणतो.

तिला ते दिसावं म्हणून मी चार वर्षांपूर्वी पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा घेतला. पहिल्या दिवशी पाऊण तास चित्रण केलं. घरी टीव्हीवर लावलं तेव्हा त्यात बुडबुडे होते, अनोळखी लोकांचे पाय होते, काचेवर एक मोठा थेंब होता. मुलगी पहिल्यांदा हात सोडून पोहली तो क्षण चौकटीबाहेर राहिला होता, कारण मी स्वतः पाण्यात तोल सावरत होतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत जे कळलं ते इथं लिहितो आहे. घरात कॅमेरा आलाच असेल किंवा एखाद्या लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राकडून दोन दिवसांसाठी मिळणार असेल, तर हे वाचून मगच पाण्यात उतरा.

कॅमेऱ्याआधी माणसांचं ठरवू. विहिरीवर दोर धरणारा काका दुसरं काहीच करत नसे. गप्पा नाहीत, विडी नाही. नजर पाण्यावर. तरणकुंडावर तो काका पुन्हा उभा करायचा आहे. जो चित्रण करतो त्यानं मुलांवर लक्ष ठेवायचं नाही, आणि जो लक्ष ठेवतो त्यानं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. जीवरक्षक असतो हे खरं, पण तो पन्नास जणांचा असतो. आपल्या दोन मुलांचा आपला माणूस वेगळा हवा. बुडणारं मूल सिनेमात ओरडतं, हात हलवतं. खऱ्या पाण्यात तसं होत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असतं, श्वासच मिळत नाही तर ओरडणार कसं? ते उभं असल्यासारखं दिसतं, हात बाजूला दाबत राहतं आणि एका मिनिटाच्या आत खाली जातं. त्यात या कॅमेऱ्यांचं भिंग फार रुंद कोनाचं असतं, त्यामुळे पडद्यावर मूल आहे त्याहून लांब आणि लहान दिसतं. अंतराचा अंदाज चुकवणाऱ्या त्या पडद्यात बघत राखण होत नाही. आमच्याकडे हा नियम इतका पक्का आहे की राखण करणारा माणूस मिळाला नाही तर त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून बाहेर येत नाही.

दुसरं ठरवायचं ते परवानगीचं. तरणकुंडाच्या कार्यालयात आधी जाऊन विचारा. कितीतरी ठिकाणी चित्रणाला मनाई असते आणि ती योग्य आहे, कारण तिथं इतरांची मुलं, इतरांच्या बायका-मुली पोहत असतात. महिलांच्या बॅचच्या वेळी तर आपल्याच घरातल्या बाईचं चित्रण करायचं असलं तरी कॅमेरा काढू नका. परवानगी मिळाली तर कोपऱ्यातली कडेची लेन मागून घ्या आणि भिंतीकडे तोंड करून चित्रण करा, म्हणजे मागे दुसरं कुणी येत नाही. घरच्यांनाही विचारायचं: हा व्हिडिओ कोण बघणार? वहिनीला किंवा मोठ्या होत चाललेल्या पुतणीला पोहण्याच्या पोशाखातलं आपलं चित्र दीडशे माणसांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर नको असेल, तर तो शब्द शेवटचा. लहान मुलांचे असले व्हिडिओ सगळ्या जगासाठी खुले ठेवू नयेत, या मतावर मी ठाम आहे.

आता कॅमेरा. गोप्रोचे 2016 सालच्या हिरो 5 पासूनचे मुख्य कॅमेरे वेगळ्या डबीशिवाय 10 मीटरपर्यंत पाण्यात चालतात. त्याआधीच्या बहुतेकांना पारदर्शक प्लास्टिकची डबी, म्हणजे हाउसिंग, लागत असे. डीजेआयचा पहिला ऑस्मो ॲक्शन 2019 मध्ये आला, तो 11 मीटरचा. पुढचे बहुतेक आणखी खोल जातात. इन्स्टा 360 चा अंगठ्याएवढा गो 3 हा 5 मीटरपर्यंतचा. स्वस्तातले कॅमेरे बहुधा डबीत घालूनच पाण्यात न्यायचे असतात. विकत घेताना हा एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा आणि पुस्तिकेत स्वतः वाचा. पोहण्याच्या पुलासाठी यांतला कुठलाही पुरतो, महागडा हवाच असं नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: 10 मीटर हा आकडा शांत पाण्यातला आहे. उंचावरून कॅमेऱ्यासकट मारलेल्या मुटक्याचा आपटा त्यात धरलेला नाही.

फोन पाण्यात नेऊ नका. त्यावर आयपी 68 लिहिलेलं असतं, पण ती चाचणी प्रयोगशाळेत, साध्या पाण्यात होते. तरणकुंडात क्लोरीन असतं, समुद्रात मीठ. आणि पाणी शिरून फोन बिघडला तर ते वॉरंटीत बसत नाही. गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात फोन घालायचाच असेल, तर आधी त्यात कोरा टिश्यू पेपर घालून ते पाकीट अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तर पुढचं बघू. फोनचं खरं काम काठावर आहे, त्याबद्दल पुढे येतं.

माझा पहिला कॅमेरा एका केसानं गेला. बॅटरीच्या झाकणाला आतून रबराची बारीक पट्टी असते. तिच्यावर टॉवेलातला एक केस आडवा बसला होता. झाकण लागलं, टक असा आवाजही आला, आणि दहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. तेव्हापासून झाकण घरूनच, पंखा बंद करून, कोरड्या हातांनी लावतो. रबरावर बोट फिरवायचं, उजेडात बघायचं, मऊ कापडानं पुसायचं, मगच बंद करायचं. काठावर ओल्या हातानं बॅटरी बदलायची नाही. दोन बॅटऱ्या असल्या तरी एका फेरीत एकच वापरायची. डबी असेल तर ती घरातल्या कोरड्या हवेत बंद करा. सुरतेच्या दमट हवेत काठावर बंद केली की आतली वाफ गार पाण्यात जाताच काचेवर धुकं होऊन बसते. त्यासाठी डबीत ठेवायच्या शोषक पट्ट्या मिळतात, त्या स्वस्त आहेत आणि वाळवून पुन्हा वापरता येतात.

कॅमेरा हातातून सुटला तर सरळ तळाशी जातो. म्हणून तरंगणारा नारिंगी दांडा घ्या आणि मनगटाचा पट्टा चढवा. शिकाऊ मुलाच्या डोक्यावर किंवा छातीवर मात्र कॅमेरा बांधू नका. डोक्यावरच्या वजनानं मान वर राहते, कंबर खाली जाते आणि शिक्षकानं महिनाभर बसवलेली ठेवण मोडते. गळ्याभोवती दोरी तर कधीच नको.

कॅमेऱ्याच्या सेटिंगवर फार वेळ घालवू नका, चारच गोष्टी बघा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. बंदिस्त तरणकुंडात दिव्यांखाली चित्रण सेकंदाला 25 किंवा 50 चौकटींवर ठेवलं नाही तर चित्र लुकलुकतं. मेनूत 50 हर्ट्झ किंवा पाल असं लिहिलेलं निवडा. संथ गतीसाठी 100 चौकटी हव्यात, पण त्या उघड्यावर, चांगल्या उन्हातच. कोन रुंद ठेवा. पाण्यात सपाट काचेतून वस्तू साधारण एक-तृतीयांश मोठी दिसते, म्हणजे हवेत ऐसपैस वाटणारी चौकट पाण्यात आखडते. आणि पडद्याला कुलूप लावा. पाण्याखाली पडदा बोट ओळखत नाही, उलट पाणीच त्याला बोट वाटतं. चालू-बंद बटणानंच करायचं. कार्डाचं म्हणाल तर 64 जीबीच्या कार्डावर सेकंदाला 100 मेगाबिटच्या गतीनं सुमारे 85 मिनिटं मावतात. पोहण्याच्या एका दिवसाला ते भरपूर झालं. कार्डावर यू 3 किंवा व्ही 30 लिहिलेलं असावं.

यापुढचं सगळं नजरेचं काम आहे, आणि ते शिकायला आपल्याकडे फार जुनी उदाहरणं आहेत. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यांत समुद्रस्नानाचंही एक होतं. ल्युमिएरांच्या त्या चित्रात कॅमेरा एका जागी रोवलेला आहे. मुलं फळीवरून एकामागून एक समुद्रात उडी घेतात, लाटांतून बाहेर येतात, पुन्हा फळीवर चढतात. एक मिनिटही पुरं होत नाही, तरी त्यात सगळं पोहणं आहे. पाण्यात हेच करा. मुलाच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नका. कडेची पायरी किंवा शिडी धरा, कॅमेरा छातीइतक्या खोलीवर स्थिर ठेवा आणि मुलाला तुमच्याकडे, तुमच्या शेजारून, तुमच्या पलीकडे जाऊ द्या.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. यमुनेत उडी घेऊन नागाशी झुंजणारा कृष्ण म्हणून बापानं आपल्या छोट्या लेकीला उभं केलं. पण त्या चित्रपटाच्या सुरुवातीला पाणी नाही. सुरुवातीला आहे मंदाकिनीचा चेहरा, जवळून, एकामागून एक भाव बदलणारा. हे दृश्य मी पाहिलं आणि माझ्या व्हिडिओत काय कमी होतं ते मला कळलं. आपण थेट पाण्यात शिरतो. आजीला मात्र आधी नात दिसायला हवी: टोपीत केस कोंबताना, गॉगलची पट्टी ओढताना, पहिल्या पायरीवर गार पाण्यानं अंग चोरताना. या चेहऱ्यासाठी फोन वापरा, काठावरून. मग उडी. मग पाण्याखालचं चित्र.

पाण्याखाली जवळ जा. दोन हातांहून जास्त अंतर नको. मधलं पाणी जितकं कमी तितकं चित्र स्वच्छ, कारण पाणी प्रकाशातला तांबडा रंग सगळ्यांत आधी गिळतं आणि लांबचं अंग निळसर-हिरवं होतं. कातडीचा रंग जिवंत राहायचा तर जवळ जाणं हाच उपाय. गर्दीची बॅच होऊन गेल्यावर पाणी गढूळलेलं असतं. पहाटेची पहिली बॅच आणि दुपारचं ऊन यांत निवड करायची वेळ आली तर मी पहिली बॅच निवडतो. थोडा उजेड कमी चालतो, गढूळ पाण्याला औषध नाही. उघड्या कुंडावर सकाळी नऊच्या सुमारास दोन्ही साधतं; तळाच्या फरशीवर उन्हाची जाळी हलायला लागलेली असते.

एक चित्र जरूर घ्या. पाणी तुमच्या कमरेइतकं असेल तिथं कॅमेरा तळाशी धरून तोंड वर करा. वरचं सगळं जग तुम्हाला एका गोल खिडकीत दिसेल. पाण्यातून वर बघताना साधारण 97 अंशांच्या कोनात आकाश, काठ आणि काठावरची माणसं गोळा होतात, बाहेर आरशासारखं पाणी. त्या खिडकीवरून तुमचं मूल हात मारत जातं तेव्हा ते पाखरासारखं दिसतं. सहा सेकंद पुरतात.

काचेवरच्या थेंबाचा त्रास पाण्याबाहेर आल्यावर होतो. त्यावर जुना उपाय आहे: कॅमेरा पाण्याबाहेर काढण्याआधी काचेला थोडी लाळ लावून पाण्यात विसळून घ्यायची. पाणी थेंब न होता पातळ थरासारखं पसरतं. पाण्याखाली आणि वर असं आलटून-पालटून चित्रण असेल तर दर वेळी हे करा.

पाण्याखालचा आवाज घेऊन काही मिळत नाही, नुसती घरघर. बाहेर आल्यावरही माइकच्या छिद्रांत पाणी अडकलेलं असतं. म्हणून आवाजाचं काम काठावरच्या फोनकडे द्या. शिक्षकाची शिट्टी, "पाय हलव, पाय!" ही हाक, पलीकडे पोहोचल्यावर फुटलेलं हसू. दोन यंत्रं एका वेळी चालू असतील तर आधी दोघांची तारीख-वेळ जुळवा आणि सुरुवातीला दोन्हींसमोर एकदा जोरात टाळी वाजवा. जोडणी करताना ती टाळी धरून दोन्ही चित्रं एका रेषेत बसतात.

गावाकडच्या विहिरीत अजून पाणी असेल आणि मामा मुलांना घेऊन उतरणार असेल, तर कॅमेरा विहिरीत नेऊ नका. खाली अंधार असतो, पाणी खोल असतं, धरायला जागा नसते. काठावर बसून, लांब दांड्यावरून, भर दुपारी ऊन सरळ विहिरीत उतरतं त्या अर्ध्या तासात चित्रण करा. मामाचा सूर वरून फार सुंदर दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाला तापीत स्नान करायला जाल तेव्हाही कॅमेरा पाण्यावरच ठेवा. गाळाच्या नदीत पाण्याखाली हातसुद्धा दिसत नाही. आणि आपल्या डुमसचं काय? खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी मानली जाते. पाणी मातकट, ओढ जबर, भरती चढते ती पाठीमागून वेढते. डुमसला वाळूवर खेळणाऱ्या मुलांचं चित्रण करा, भजी खा, परत या. तिथं पोहण्याचा व्हिडिओ करायचा नाही. समुद्राखालचं चित्र हवंच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जा. पावसाळा सोडून तिथं पाणी स्वच्छ असतं, स्कुबाचे प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतात आणि चित्रणही तेच करून देतात. तुम्ही फक्त श्वासाकडे लक्ष द्या.

घरी आल्यावर कॅमेरा झाकण न उघडता साध्या पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बटणं दाबून आतलं क्लोरीन निघू द्या, मग टॉवेलनं पुसून सावलीत पूर्ण वाळवा आणि त्यानंतरच झाकण उघडा. पाणी शिरलंच तर तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाची भुकटी छिद्रांत जाते. बॅटरी काढा, कार्ड काढा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा आणि तोवर चालू करून बघू नका. हेअर ड्रायर नको, ऊनही नको.

जोडलेला व्हिडिओ तीन मिनिटांहून लांबवू नका. आजी तो एकदा नाही, दहादा बघणार आहे. गाणं घालायची घाई नको, मुलीचा धापा टाकणारा आवाज राहू द्या. पहिल्या दिवसाचं चित्र फेकू नका, ज्यात ती नाकातोंडात पाणी जाऊन खोकते आहे तेही ठेवा. मोसमाच्या शेवटी ती पुरती रुंदी पोहून जाते ते त्याच्यापुढे जोडलं की मगच कळतं ती कुठून कुठं आली. चित्रण आडवं करा, कारण गावाकडे ते टीव्हीवर लागणार. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबून पाठवलं जातं आणि पाण्याचे नुसते चौकोन दिसतात. फाइलच्या नावात मुलाचं नाव, तारीख आणि तरणकुंडाचं नाव लिहा. एक प्रत फोनबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवा.

आणि एक विनंती. शेवटच्या दिवशी मुलं पाण्याबाहेर येऊन अंग पुसत असतील तेव्हा कॅमेरा फिरवून त्या राखण करणाऱ्या माणसाचं चित्र घ्या. आमच्याकडे ती माझी बायको असते, कधी सासरे. सगळा उन्हाळा ते काठावर बसलेले असतात आणि आमच्या पहिल्या तीन वर्षांच्या एकाही व्हिडिओत ते नाहीत.